उत्तर वरच्याने द्यायचं

१

कादंबरीच्या घरी सकाळचा पहिला आवाज ठरलेला होता. तिचा आजा राघो चहाचा कप खाली ठेवायचा आणि बोटाच्या पेराने लोखंडी खाटेच्या पायावर ठोकायचा. टक टक. जरा थांबून, टक. मग खाटेवर हात ठेवून मिनिटभर गप्प बसायचा. मग उठून मोरीकडे जायचा.

कोपरीच्या त्या दोन खोल्यांत हे इतकी वर्षं चाललं होतं की कुणी विचारायचं राहूनच गेलं. एखाद्या म्हाताऱ्याला खोकला असतो, तशी राघोला ही ठोक होती.

कादंबरी चोवीस वर्षांची. कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सोडून ती डाइव्हमास्टरचं शिक्षण घेत होती. डाइव्हमास्टर म्हणजे काय, ते तिने घरात चारदा समजावलं होतं. पाठीला हवेचं सिलिंडर बांधून माणसं समुद्रात उतरतात, त्यांना खाली न्यायचं, फिरवायचं आणि मोजून परत वर आणायचं.

राघोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पाण्याखालचा मुकादम."

"तसंच समज, आजा."

"आणि खाली श्वासाचं काय करता?"

"घेत राहायचा. श्वास धरायचा नाही, हा आमचा पहिला नियम. धरून वर आलं तर फुप्फुस फाटतं."

राघोला हसू आलं. त्याची उभी हयात खाडीतून रेती काढण्यात गेलेली. होडीतून एक लांब बांबू तळात रोवायचा, तो धरून चाळीस फूट खाली जायचं, हाताने चाचपून बादली भरायची आणि वर यायचं. डोळ्यांवर काच नाही, तोंडात नळी नाही.

"आमचा तर धंदाच श्वास धरायचा होता गो," तो म्हणाला. "ठाण्यातल्या अर्ध्या बिल्डिंगी आमच्या बादलीतनं वर आल्यात."

दिवाळीनंतर मालवणला कादंबरीची नोकरी ठरली होती. पण हातात सर्टिफिकेट असेल तरच. आणि सर्टिफिकेटवर सही रत्नदीप सरांची लागायची.

२

रत्नदीप सर डोंबिवलीचे. दहा वर्षं अंदमानात लोकांना समुद्र दाखवून परत आलेले. घोडबंदर रोडला एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या क्लबात ते शनिवार-रविवार शिकवायचे. तिथला तलाव एका टोकाला छातीएवढा, दुसऱ्या टोकाला अठरा फूट खोल. खोल टोकाच्या कोपऱ्यात तळापासून पार काठाच्या वरपर्यंत स्टीलचा एक उभा पाइप होता. नवखी माणसं तो धरून उतरायची.

कादंबरी लवकर पोचायची. सिलिंडर ओळीने आडवे मांडायची, चष्मे धुवायची, कुणाच्या सिलिंडरात किती हवा आहे ते पाटीवर लिहायची. सर फार बोलत नसत. जे बोलत ते तेच तेच बोलत. "लीडर पहिला उतरतो. शेवटी चढतो. मधल्या वेळात मोजतो."

त्या शनिवारी चार शिकाऊ होते. त्यातला संदेश समोरच्याच टॉवरमध्ये राहायचा, जाडजूड, बोलका. तो म्हणाला, "मॅडम, मी खाली राहिलो तर घरी लगेच कळवू नका. बायकोला जरा टीव्ही बघू द्या शांतपणे."

सगळे हसले. कादंबरी पाइप धरून आधी उतरली, मागोमाग चौघे.

खाली गेल्यावर जगातले सगळे आवाज मिटतात. आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो. आत घेताना सुस्कारा, सोडताना बुडबुड्यांची गडबड. कुणाला हाक मारायची तर लोखंडी कडी सिलिंडरवर ठोकायची. कादंबरीने मोजले, चार. सगळे गुडघ्यावर बसले. संदेश चष्म्यात पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढायचा धडा करायला लागला.

तेव्हा ते वाजलं.

टक. जरा थांबून, टक टक.

तिने चौघांकडे पाहिलं. कुणाचाच हात सिलिंडरकडे नव्हता. पाण्यात आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो, कुठून आला ते कळत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तरी तिला वाटलं, कोपऱ्यातून. पाइपाकडून. आणि ती ठोक ओळखीची वाटली. आपल्या गल्लीतला माणूस परगावी भेटला की चेहरा कळतो, नाव आठवत नाही, तशी.

टक. टक टक.

कुणीतरी बोलावतंय असं वाटून ती तिकडे पोहत गेली. कोपऱ्यात निळ्या फरश्या होत्या आणि पाइप होता. दुसरं काही नव्हतं. मागे वळली तेव्हा संदेश घाबरून, श्वास धरून हात मारत वर निघाला होता आणि वरून लक्ष ठेवणाऱ्या सरांनी झेप घेऊन त्याचा पाय धरला होता.

काठावर आल्यावर सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चार माणसं सोडून कुठे गेलेलीस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कुणीतरी ठोकत होतं, सर."

"कोण?"

तिने पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं.

३

माणूस आधी साधं कारण शोधतो. कादंबरीनेही शोधलं. तलावाचं पाणी गाळायला पंप असतो, पंपाला पाइप असतात, पाइप वाजतात. दुसऱ्या दिवशी, रविवारीही, ठोक आली. तिने स्वतःला हे कारण सांगितलं, तरी तिची मान दोनदा कोपऱ्याकडे वळलीच. ते सरांनी पाहिलं.

"बुधवारी तलाव रिकामा असतो," सर म्हणाले. "ये. बघूनच टाकू काय वाजतंय ते."

बुधवारी दुपारी पंपवाल्या जगनकाकांनी सगळी यंत्रं बंद केली. "पंधरा मिनिटं हां, मॅडम," ते म्हणाले. "नाहीतर कमिटीची माणसं माझ्या डोक्यावर बसतील."

सर आणि कादंबरी खाली उतरले. तळाला समोरासमोर गुडघ्यावर बसले. पंप बंद असल्याने शांतता अशी होती की कानात बोटं घातल्यासारखी. एक मिनिट गेलं. दोन गेली. कादंबरीला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

टक. टक टक.

सरांनी झटकन मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तळहात वर केला. म्हणजे, काय झालं? काय हवंय?

वर आल्यावर त्यांनी तोंडातली नळी काढली. "बोलावलंस कशाला मला?"

"मी नाही ठोकलं, सर. मला वाटलं तुम्ही."

सर पाण्यात तसेच तरंगत राहिले. मग म्हणाले, "स्टील उन्हाने तापतं. वाजतं." पाइप सावलीत होता. दोघांनाही ते दिसत होतं.

सामान आवरायच्या आधी ती पुन्हा एकदा तळाशी जाऊन आली. पाइप जिथे फरशीत बसवलेला होता तिथे तिला चिमूटभर रेती दिसली. काळसर. ती तिने मुठीत वर आणली.

"वाऱ्याने येतं," जगनकाका म्हणाले. "इथे रोज कुठे ना कुठे बांधकाम चालूच. कालच तळ साफ केलेला मी." मग त्यांनी ती बोटांत चोळली, नाकाजवळ नेली आणि हात पँटला पुसला. "शी. खाडीचा वास येतोय."

कादंबरीने साबणाने दोनदा हात धुतले. बसमध्ये बसल्यावरही हाताला चिखलाचा, खाऱ्या पाण्याचा वास होता.

निघताना सरांनी तिला थांबवलं होतं. "येत्या रविवारी तुझी शेवटची परीक्षा. त्याच चौघांना न्यायचं, धडे करून घ्यायचे, वर आणायचं. खाली काहीही वाजू दे. परत ग्रुप सोडून गेलीस तर मी सही करणार नाही. मालवणची नोकरी गेली तरी नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यावर राग नाही गं. पण त्या चौघांना माहीत नसतं की तू कुठे बघतेयस."

४

शनिवारी दुपारी ती जेवायला बसली. आई कामावर गेलेली. राघो आतल्या खोलीत आडवा पडला होता. कादंबरीचं जेवणात लक्ष नव्हतं. ताटाच्या काठावर बोट कधी वाजायला लागलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

टक. टक टक.

आत खाट करकरली. राघो भिंतीला हात लावत दारात आला. त्याचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता.

"ही कुठे ऐकलीस?"

"अरे आजा, तूच तर रोज सकाळी..."

"माझी नाय ही. माझी दोन आणि मग एक. माझी वरच्याची." तो दारातच खाली बसला. "ही खालच्याची हाय. बोल, कुठे ऐकलीस?"

तिने सांगितलं. तलाव, पाइप, पंप बंद केल्यावरची शांतता, चिमूटभर रेती, सगळं. मग राघो बोलायला लागला, तिच्याकडे न बघता.

रेतीच्या कामाला माणसं जोडीने असायची. एक खाली, एक वर होडीत. बादली ओढायची नसेल तेव्हा वरच्याने बांबूवरचा हात काढायचा नाही. खालच्याची बादली भरली की दोरी ओढायची, वरचा बादली खेचून घ्यायचा. मग खालच्याने बांबूवर ठोकायचं. एक, मग दोन. म्हणजे, मी वर येऊ का? वरच्याने दोन, मग एक ठोकलं की यायचं. उत्तर नाही आलं तर थांबायचं. कारण भरली बादली वर लोंबकळत असली आणि खालून डोकं आलं, की डोकं फुटायचं.

"काळुराम माझा जोडीदार," राघो म्हणाला. "नवा होता तवा हा नियम मीच त्याला शिकवला. बोललो, बाबा, उत्तर नाय तर वर नाय. काय वाटेल ते होऊ दे."

"मग?"

"मग एक दिवस होडीत भाकरी आली. बादली मी वर घेतली, रिकामी केली आणि बांबू सोडून पलीकडे गेलो. बोललो, दोन घास खाऊ." त्याने उजवा तळहात उलटा करून पाहिला. "ठोक कानाला येत नाय गो. हाताला येते. माझा हात भाकरीवर होता."

कादंबरीने ताट बाजूला सरकवलं. ताटातली आमटी गार झाली होती.

"तीन दिवस आम्ही खाडी चाळली. नाय मिळाला. त्या टायमाची रेती घोडबंदरच्या बिल्डिंगींना गेली." राघोने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. ते रडणं फार जुनं होऊन गेलं होतं. "काळुराम ऐकणारा माणूस, बाय. सांगितलं ते ऐकणारा. उत्तर नाय, म्हणून थांबला असेल."

बाहेर कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या तरी घरची. कादंबरीने हळूच विचारलं, "आजा, उद्या मी खाली उत्तर देऊ का?"

"अजिबात नाय." राघोचा आवाज एकदम मुकादमासारखा झाला. "तू तुझी माणसं सांभाळ. तू पण खालचीच. खालच्याने खालच्याला बोलावलं तर ते खालीच बोलावणं. उत्तर वरच्याने द्यायचं." तो भिंतीला धरून उठला. "माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेव."

५

रविवारी राघो क्लबात आला. गेटवरच्या माणसाने दोनदा नाव विचारलं, याने दोनदा सांगितलं. तलावाच्या दारात त्याने चपला काढल्या, देवळात काढाव्या तशा. सरांनी त्याला सावलीत खुर्ची दिली. ती त्याने स्वतःच उचलली आणि खोल टोकाच्या कोपऱ्यात, पाइपाला चिकटून ठेवली. बसला. उजवा हात पाइपावर टेकवला.

"आजोबा, तुम्हीपण उतरताय काय?" संदेशने विचारलं.

"माझं उतरून झालं, बाबा. आज चढवायला आलोय."

"बरं झालं. मला चढवायला दोन माणसं लागतात."

कादंबरीने चौघांना सगळं समजावून सांगितलं. आवाज कापत नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. मग पाइप धरून ती उतरली. उतरताना वर पाहिलं तर हलत्या पाण्यापलीकडे पांढरा सदरा दिसला आणि पाइपावर एक काळा हात.

तळाला चौघे बसले. तिने मोजले, चार. संदेशने चष्म्यात पाणी घेतलं. या वेळी ती त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर होती. त्याचे डोळे मोठे झाले, तसा तिने त्याचा खांदा धरला. त्याने नाकाने फुंकलं. पाणी निघालं. त्याने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, म्हणजे ठीक आहे.

टक. टक टक.

तिची मान वळू पाहत होती. मानेच्या शिरा दुखेपर्यंत तिने ती धरून ठेवली. दुसरा शिकाऊ. त्याची नळी, त्याची हवा. तिसरा.

टक. टक टक.

ठोकीत घाई नव्हती. राग नव्हता. तेच तिला सोसेना. कुणी चिडून ठोकलं असतं तर चाललं असतं. ही ठोक विचारणाऱ्याची होती, आणि विचारता विचारता त्याला सवय होऊन गेली होती.

चौथा शिकाऊ. मोजले, चार.

मग वरून पाण्यातून आलं. टक टक. थांबून, टक.

लहानपणापासून रोज सकाळी ऐकलेली ठोक. पण आज पहिल्यांदा तिच्यानंतर काहीतरी झालं. खालचं ठोकणं थांबलं.

६

वर जायची वेळ झाली. अंगठा वर करून तिने खूण केली. एकेकाने पाइप धरून सावकाश वर जायचं. पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा. संदेश जाताना तिला हात हलवून गेला. चार जोड पाय उजेडात दिसेनासे झाले.

शेवटी लीडर. तिने पाइप धरला आणि फूटभर वर सरकली.

पाइप ओढला गेला. हलला नाही, ओढला गेला. खाली कुणी वजन टाकलं की ओढला जातो तसा.

तिने खाली पाहिलं.

पाण्याखाली चष्म्यातून सगळं आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि ते तिला आठवलं हे बरं झालं, कारण तिच्या पायाच्या खाली पाइपाला धरलेला हात फार मोठा होता. नुसता हात. मनगटाच्या पुढे पाणी गढूळ होतं, रेती ढवळल्यासारखं. कातडी पांढरी, सुरकुतलेली. बोटांना नखं जवळजवळ नव्हतीच. रेती उपसून उपसून झिजतात तशी मांसापर्यंत गेलेली.

हात वर सरकत नव्हता. तिला ते जरा उशिरा कळलं. पाइपावर ती होती म्हणून तो थांबला होता. वाट मोकळी व्हायची वाट बघत होता.

तिच्या डोक्यात नोकरी नव्हती, सही नव्हती. सरांचं तेच तेच बोलणं होतं. लीडर शेवटी चढतो.

कादंबरीने पाइप सोडला. दोन हात बाजूला झाली. त्या गढूळ पाण्याकडे थेट बघायची तिची छाती झाली नाही, म्हणून भिंतीच्या फरश्यांकडे बघत तिने हात पुढे केला आणि अंगठा वर धरला. वर जा.

श्वास धरायचा नाही, ती स्वतःला बजावत होती. घे. सोड. फरश्यांमधले सांधे पांढरे होते, एका ठिकाणी टवका उडालेला होता. पाइप थरथरला. थांबला. थरथरला. गालाजवळून गार पाण्याचा एक लोट वर गेला. तिचे बुडबुडे वर जात होते. त्या लोटाबरोबर एकही बुडबुडा नव्हता.

पाइप थरथरायचा थांबला, तेव्हा ती निघाली.

वर चौघे काठावर बसून चष्मे काढत होते. सर कागद घेऊन वाकले. "काउंट?"

तिने आधी आज्याकडे पाहिलं. राघोचा हात पाइपावर नव्हता. तो खुर्चीवर ताठ बसला होता आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत भिजली होती.

"सगळे वर, सर," कादंबरी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. भिजलेल्या बाहीकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या ओल्या काठाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग काही न विचारता सही केली.

७

क्लबाच्या बाहेरून बस मिळाली. माजिवड्याला उतरून त्यांनी स्टेशनसाठी शेअर रिक्षा बघितली. कादंबरीच्या बॅगेत सही केलेला कागद होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. ती दर दोन मिनिटांनी बॅगेला हात लावून बघत होती.

रांगेतल्या पहिल्या रिक्षाचा ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडत होता. "स्टेशन, स्टेशन! चला लवकर, स्टेशन!" शेअर रिक्षा तीन माणसं भरल्याशिवाय हलत नाही, हे ठाण्यात कुणाला सांगावं लागत नाही.

कादंबरी आत जाऊन पार उजवीकडे बसली, दांडीला चिकटून. राघो चढला आणि डाव्या कडेलाच बसला. मधे एका माणसाची जागा तशीच राहिली.

"आजा, सरक ना इकडे. तिसरा माणूस कडेला बसेल."

"नको गो," राघो म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. आज सकाळपासून त्याने खाटेवर ठोकलं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं. "दमलाय तो. बसू दे."

ड्रायव्हर अजून बाहेरच होता. "एक सीट! एक सीट स्टेशन!" ओरडता ओरडता तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि आरसा सारखा करत सहज मागे पाहिलं.

त्याचं ओरडणं थांबलं.

कादंबरी समोर बघत होती. तिच्या डाव्या मांडीला गार ओलावा लागत होता आणि खाडीचा वास येत होता. तिने श्वास धरला होता. पहिलाच नियम, आणि तो ती मोडून बसली होती.

ड्रायव्हरने आरसा जरा वर वळवला, छताकडे. मग त्याने रिक्षा सुरू केली.